अण्णांचे काम आणि पुस्तकातले कार्य



या वेळच्या भित्तिपत्रकात विज्ञानाचा लेख लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. विषय आहे 'कार्य आणि ऊर्जा'. पुस्तकात हा पाठ थोड्याच पानांचा आहे, पण आमच्या वर्गात तो तीन आठवडे चालला. त्याला कारण मीच झाले. ते कसे, ते आधी सांगते.

गुरुजींनी फळ्यावर लिहिले :

कार्य = बल × बलाच्या दिशेने झालेले विस्थापन

मग ते म्हणाले, "बल लावले, पण वस्तू हललीच नाही, तर कार्य शून्य. एखादा हमाल पाठीवर गोणी घेऊन नुसता उभा राहिला, तर विस्थापन नाही, म्हणून कार्य नाही. गोणी घेऊन तो सपाट रस्त्याने चालत गेला, तर त्याचे बल वरच्या दिशेला आणि गोणीचे विस्थापन आडव्या दिशेला. म्हणून त्या बलाने गोणीवर केलेले कार्यही शून्यच."

मागच्या ओळीतून कुणीतरी हळूच म्हणाले, "म्हणजे हिचे अण्णा दिवसभर शून्य काम करतात!" वर्ग हसला.

माझे अण्णा इथल्याच मोंढ्यात हमाल आहेत. आपल्या लासूर स्टेशनचा मोंढा सगळ्यांनी पाहिलेला आहे. कांदा, मका, कापूस यांच्या गाड्या येतात, भरतात आणि जातात. पण त्या आपोआप भरत नाहीत. संध्याकाळी अण्णा घरी आले की आई त्यांच्या पाठीला तेल चोळते. आणि पुस्तक म्हणते, शून्य! त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. अण्णांना मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारले, "गुरुजी, पुस्तक खोटं आहे का?"

मला वाटले, गुरुजी रागावतील. पण ते म्हणाले, "पुस्तक खोटं नाही आणि तुझे अण्णाही खोटे नाहीत. मग मधे काहीतरी समजायचं राहिलंय. ते आपण शोधू. पण तोंडानं नाही, हातानं."

त्यांनी आम्हाला पाबळची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग करता करता, शेतात राबता राबता, विजेची जोडणी करता करता विज्ञान शिकतात. आधी हात चालतो आणि मग प्रश्न पडतो. आमच्या शाळेत तशी कार्यशाळा नाही. पण बाटल्या, विटा, दोरी, वाळू आणि फळी कुठे नसते? तेवढ्यावर आम्ही सुरुवात केली.

एक ज्यूल म्हणजे केवढे?

कार्य मोजायचे माप आहे ज्यूल. माप हातात आल्याशिवाय हिशोब कळत नाही, म्हणून गुरुजींनी सगळ्यांना एकेक कांदा आणायला सांगितला. कांदा साधारण 100 ग्रॅमचा हवा. तो जमिनीवरून उचलून एक मीटर उंच धरायचा, म्हणजे साधारण छातीपर्यंत. झाले एक ज्यूल कार्य!

हिशोब असा. एक किलो वजनाची वस्तू पृथ्वी सुमारे 10 न्यूटन बलाने खाली ओढते (नेमके सांगायचे तर 9.8, आम्ही सोयीसाठी 10 धरले). 100 ग्रॅमला 1 न्यूटन. 1 न्यूटन × 1 मीटर = 1 ज्यूल.

एक लिटर पाण्याची बाटली एक मीटर उचलली की 10 ज्यूल. 50 किलोची गोणी गाडीच्या तळापर्यंत, समजा 1.2 मीटर, चढवली की 500 × 1.2 = 600 ज्यूल. म्हणजे सहाशे कांदे एकेक करून छातीपर्यंत उचलण्याएवढे! हा आकडा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

प्रयोग 1 ला : खुंटी आणि हात

साहित्य : पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या, भिंतीतली खुंटी.

कृती : एक बाटली दोरीने खुंटीला टांगा. दुसरी हातात घेऊन हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा. तसेच उभे राहा. बाजूला एकाने घड्याळ पाहावे.

काय दिसले : पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळे हसत होते. एका मिनिटाने हसणे थांबले. मग हात थरथरायला लागला, खांदा भरून आला. दोन मिनिटांच्या पुढे फार थोडेच टिकले. बाटली मात्र होती तिथेच होती. एक इंचही वर गेली नाही. खुंटीवरची बाटली मधल्या सुट्टीपर्यंत लटकत होती, दुसऱ्या दिवशीही लटकत होती. खुंटीला घाम आला नाही.

कारण : दोघांनीही बाटलीवर कार्य केले नाही. इथपर्यंत पुस्तक खरे आहे. पण खुंटी म्हणजे लाकूड आणि हात म्हणजे जिवंत स्नायू. स्नायू ताणून धरायचा तर त्यातले बारीक तंतू आतल्या आत सारखे आखडतात, सुटतात आणि पुन्हा आखडतात. दर वेळी खाल्लेल्या अन्नातली थोडी ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून अंग तापते, घाम येतो. बाटलीला काही मिळाले नाही, पण आपल्या खिशातून मात्र गेले.

गुरुजींनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'वस्तूला मिळाले' आणि दुसऱ्यावर 'शरीरातून गेले'. ते म्हणाले, "पुस्तकातलं कार्य म्हणजे फक्त पहिला रकाना. दमणं दुसऱ्या रकान्यात लिहायचं. एकच रकाना वाचून माणसाचा हिशोब करायचा नाही."

मागच्या ओळीतला तो मुलगा तेव्हा खाली बघत होता. आता आमची गट्टी आहे. पुढच्या सगळ्या प्रयोगांत घड्याळ त्यानेच धरले.

प्रयोग 2 रा : चालण्याची लाट

आता दुसरी गोष्ट. सपाट रस्त्याने ओझे नेताना तरी शून्य का?

साहित्य : खडू आणि लांब भिंत.

कृती : भिंतीवर कमरेच्या उंचीला एक सरळ रेषा आखा. मग खडू कमरेशी घट्ट धरून, त्याचे टोक भिंतीला टेकवून, नेहमीसारखे चालत जा. हात मुद्दाम वरखाली करू नका. (नंतर भिंत आम्ही ओल्या फडक्याने पुसली, हे सांगितलेले बरे.)

काय दिसले : खडूची रेषा सरळ आलीच नाही. लाटेसारखी आली. दर पावलाला शरीर थोडे वर जाते आणि खाली येते. आमच्या लाटेची उंची मोजली तर साधारण 3 सेंटिमीटर भरली.

कारण : माणूस चाकांवर चालत नाही. दर पावलाला तो स्वतःला आणि पाठीवरच्या ओझ्याला थोडे थोडे उचलतो. 60 किलोचा माणूस आणि 50 किलोची गोणी मिळून 110 किलो. त्याला 3 सेंटिमीटर उचलायचे म्हणजे 1100 × 0.03 = 33 ज्यूल. ही एका पावलाची गोष्ट. दोनशे पावले चालला तर 6,600 ज्यूल! गोणी गाडीत चढवायच्या अकरापट. यातला काही भाग झोक्यासारखा पुढच्या पावलाला परत मिळतो, पण सगळा मिळत नाही. म्हणजे पुस्तकाने सांगितलेला हमाल हा पाय न उचलता घरंगळत जाणारा हमाल आहे. तसा हमाल मोंढ्यात नाही.

शहाणपण असे की चाकाची हातगाडी सपाट जमिनीवर ही लाट काढून टाकते. म्हणूनच तेवढेच ओझे गाड्यावर सोपे जाते.

अण्णा वर्गात आले

दुसऱ्या आठवड्यात गुरुजींनी अण्णांना शाळेत बोलावले. अण्णा दारातच थांबले. "मी काय शिकवणार, गुरुजी? माझी शाळा चौथीतच सुटली," असे म्हणाले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. पण ते खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

आम्ही विचारले, "अण्णा, सगळ्यात जास्त दमायला कधी होतं?"

अण्णा म्हणाले, "उचलायला काय न्हाई. आंगाला सवय हाये. पण गोणी पाठीवर आन म्होरला गाडीवाला म्हणला, 'थांब जरा', की मग जीव जातो. चालताना बरं वाटतं, हुभं राहताना न्हाई."

सगळा वर्ग गप्प झाला. आम्ही आठवडाभर बाटल्या धरून जे शोधले, ते अण्णांना ठाऊकच होते!

मग आम्ही विचारले, "गाडीत चढताना फळी का लावता? सरळ वर का देत नाही?"

"लांब फळी लावली की चढ कमी लागतो. आखूड फळीवर छाती भरून येती. पर लांब फळीवर चालावं जास्त लागतं. फुकट कायच न्हाई, पोरांनो."

गुरुजी म्हणाले, "हे शेवटचं वाक्य वहीत लिहा. विज्ञानाचा फार मोठा नियम आहे तो."

प्रयोग 3 रा : फळीचा हिशोब

साहित्य : छऱ्याच्या चाकांचा छोटा गाडा, वीट, ताणकाटा, लाकडी फळी, बाक.

कृती : विटेसह गाड्याचे वजन 3 किलो होते. आधी ताणकाट्याला अडकवून ते सरळ वर, बाकाच्या उंचीपर्यंत उचलले. उंची 45 सेंटिमीटर. मग 135 सेंटिमीटर लांबीची फळी बाकाला तिरपी लावली आणि गाडा सावकाश ओढत वर नेला. दोन्ही वेळा काटा वाचला.

काय दिसले : सरळ उचलताना 30 न्यूटन बल लागले. फळीवरून ओढताना 12 न्यूटनच लागले.

हिशोब : सरळ उचलताना 30 × 0.45 = 13.5 ज्यूल. फळीवरून 12 × 1.35 = 16.2 ज्यूल.

म्हणजे फळीने जोर कमी लागला, पण कार्य कमी झाले नाही. उलट थोडे वाढले. जे 2.7 ज्यूल वाढले ते चाकांच्या घर्षणात गेले आणि त्यांची उष्णता झाली. फळी कामात सूट देत नाही, जोरात देते. पण ज्याचा जोरच कमी पडतो त्याला ती सूट फार मोलाची असते.

आमच्यातल्या काहींच्या आजोबांनी मोट चालवलेली आहे. त्यांना विचारा. विहिरीशेजारची धाव उताराची का असे? बैल उतारावरून खाली जाताना त्यांचे स्वतःचे वजनही नाडा ओढायला मदत करी. मोट वर आली, सोंदूर ओढला, पाणी थारोळ्यात पडले, की बैलांना रिकाम्या मोटेनिशी धावेवर मागे चढावे लागे. तिथेही फुकट काहीच नव्हते. पण भरल्या मोटेच्या वेळी उतार आणि रिकाम्या मोटेच्या वेळी चढ, ही वाटणी ज्याने केली तो पुस्तक न वाचलेला मोठा विज्ञानिकच म्हटला पाहिजे.

प्रयोग 4 था : उंचीवर ठेवलेली ऊर्जा

गोणी गाडीत चढवली. 600 ज्यूल कार्य झाले. ते गेले कुठे?

साहित्य : ओल्या मातीचा चिखल, एक गोल दगड, मोजपट्टी.

कृती : चिखल थापून सपाट करा. दगड आधी अर्ध्या मीटरवरून, मग एक मीटरवरून, मग दोन मीटरवरून सोडा. दर वेळी खड्डा मोजा. पाय लांब ठेवा.

काय दिसले : दगड तोच. पण जितका उंचावरून पडला तितका खड्डा खोल. म्हणजे दगड उचलताना आपण केलेले कार्य वाया गेलेले नव्हते. ते दगडाच्या उंचीत साठून राहिले होते. यालाच स्थितिज ऊर्जा म्हणतात. दगड पडू लागला की तिची गतिज ऊर्जा होते आणि चिखलात शिरला की ती खड्डा करते. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, ही पुस्तकातली व्याख्या आम्हाला चिखलात सापडली.

याचा सगळ्यात सुंदर नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही सहलीत पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ती 18व्या शतकात बांधली. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणले, उंचावरून खाली सोडले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवले. फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. बायाबापड्या पहाटे उठून दोन हातांनी जे जाते ओढत, ते तिथे उंचावरचे पाणी ओढत होते.

पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्याचे उद्घाटन 1976 साली झाले. त्याच्या पायथ्याला 12 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. 12 मेगावॅट म्हणजे पूर्ण क्षमतेने चालले तर दर सेकंदाला 1 कोटी 20 लाख ज्यूल. आमच्या मापात, एका सेकंदाला 20,000 गोण्या गाडीत! ते यंत्र उलटेही चालू शकते, म्हणजे जास्तीची वीज वापरून पाणी पुन्हा वर चढवू शकते. वर चढवलेले पाणी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्यच. लागेल तेव्हा काढावे.

प्रयोग 5 वा : घुसळलेली वाळू

आता शेवटचा प्रश्न. चिखलात खड्डा झाला, दगड थांबला. मग ऊर्जा संपली का?

साहित्य : एक मीटर लांबीचा पाईप, दोन घट्ट बुचे, अर्धा किलो कोरडी वाळू, प्रयोगशाळेतला तापमापी, फडके.

कृती : वाळूचे तापमान मोजा. वाळू पाईपात भरून दोन्ही तोंडे बुचांनी बंद करा. पाईप फडक्यात धरा, म्हणजे हाताची ऊब लागणार नाही. आता पाईप उभा धरून उलटा करा. वाळू धबकन खाली पडेल. पुन्हा उलटा करा. असे शंभर वेळा करा. लगेच तापमान मोजा.

काय दिसले : वाळू साधारण एका अंशाने तापली. चूल नाही, ऊन नाही, नुसती पडून पडून तापली! आम्ही पुन्हा एकदा केले. पुन्हा तेच.

कारण : दर वेळी आपण वाळू उचलतो, तिला उंची देतो. ती पडते, तिला गती मिळते. ती आपटते आणि गतीची उष्णता होते. ऊर्जा संपत नाही, रूप बदलते.

इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल (1818 ते 1889) नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी 1840 नंतरच्या वर्षांत असाच प्रयोग पाण्यावर केला. दोरीला वजने टांगली. वजने खाली येताना दोरी ओढली जाई आणि पाण्यातली पाती फिरत, जशी ताकात रवी फिरते. पाणी अगदी थोडेसे तापे. ते ज्यूल यांनी बारीक तापमापीने पुन्हा पुन्हा मोजले. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 ज्यूल कार्य लागते, असे आज आपण मानतो. त्यांच्या नावावरूनच मापाचे नाव ज्यूल पडले. आमच्या आया रोज ताक घुसळतात. रवीने ताकही किंचित तापत असले पाहिजे, पण ते कुणी मोजले नाही.

आता अण्णांचा हिशोब

हा भाग मी घरी बसून केला आणि गुरुजींनी तपासला.

समजा, अण्णांनी दिवसात 300 गोण्या भरल्या. 300 × 600 = 1,80,000 ज्यूल. आकडा मोठा वाटतो. पण अन्नाची ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात आणि एका किलोकॅलरीत सुमारे 4,184 ज्यूल असतात. भागाकार केला तर आल्या अवघ्या 43 किलोकॅलरी! ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 330 ते 350 किलोकॅलरी असतात. म्हणजे 300 गोण्या भरायला पीठ लागले फक्त 13 ग्रॅम. भाकरीचे दोन-चार घास!

मला पुन्हा रडू आले. एकदा शून्य झाले होते, आता दोन-चार घास झाले.

गुरुजी म्हणाले, "रडू नको. दुसरा रकाना भर."

मग मी दुसरा रकाना भरायला घेतला :

1. गोणी आधी जमिनीवरून पाठीवर चढते, मग फळीवरून वर जाते आणि मग गाडीत खाली ठेवली जाते. खाली ठेवताना सुटलेली ऊर्जा अण्णांना परत मिळत नाही. मी फक्त शेवटचा फरक मोजला होता.

2. दर गोणीबरोबर अण्णा स्वतःलाही फळीवरून वर नेतात. 60 किलो × 10 × 1.2 = 720 ज्यूल. गोणीपेक्षा जास्त! तेही 300 वेळा.

3. वखारीपासून गाडीपर्यंतची पावले आणि दर पावलाची लाट.

4. 'थांब जरा' म्हटल्यावर नुसते उभे राहणे.

5. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतली फार तर एक चतुर्थांश ऊर्जा कार्यात उतरते. बाकीची उष्णता होते. म्हणून वरचे सगळे कार्य किमान चारपट खर्चाचे.

6. आणि हृदय, श्वास, अंगाची ऊब. हे तर झोपेतही चालूच असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2,100 किलोकॅलरी लागतात आणि जड कष्टाचे काम करणाऱ्याला सुमारे 3,500. वस्तूला मिळाले 43, शरीरातून गेले हजारांवर. म्हणून हमालाला पोटभर आणि चांगले अन्न हवे, ही दया नव्हे, हा ऊर्जेचा हिशोब आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 1974 साली 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात जेवण मिळावे म्हणून. त्या नावातच आमचा सगळा पाठ आला आहे.

एक युनिट वीज

अजून एक हिशोब पालकांनी जरूर वाचावा. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागिले 600. आले 6,000 गोण्या! दिवसाला 300 प्रमाणे वीस दिवस. अण्णा वीस दिवसांत गोण्यांना जेवढी ऊर्जा देतात, तेवढी एका युनिटात असते.

75 वॅटचा पंखा साधारण तेरा-सव्वातेरा तास चालला की एक युनिट जळते. शाळा सुटताना वर्गातला पंखा चालू राहिला आणि रात्रभर फिरत राहिला, तर कोणीही नसलेल्या खोलीत आपण 6,000 गोण्या चढवण्याएवढी ऊर्जा उधळली. आमच्या वर्गाने ठरवले आहे की शेवटी बाहेर पडणाऱ्याने बटण पाहायचेच.

हा हिशोब मी अण्णांना ओसरीवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी वीज लई सस्त्यात राबती." उठले आणि कोणी नव्हते त्या खोलीतला दिवा बंद करून आले. बसता बसता हसून म्हणाले, "पर तुझ्या त्या विजेला म्हणावं, गोणी न फाटता, कोसळता थप्पी लावून दाखव!"

खरेच. थप्पी सरळ कशी लावायची, कुठली गोणी ओली आहे हे हात लावून कसे ओळखायचे, दुसऱ्याच्या पाठीवर गोणी देताना त्याला हिसका बसू नये म्हणून काय करायचे, याला ज्यूलमध्ये माप नाही. ते पुस्तकाच्या दोन्ही रकान्यांच्या बाहेरचे आहे.

पुस्तकातल्या 'कार्य' या शब्दाचा अर्थ अरुंद आहे. तो मुद्दाम अरुंद ठेवला आहे, म्हणजे मोजता येते आणि मोजले की पाणचक्कीपासून धरणापर्यंत सगळ्यांचा हिशोब एकाच मापात बसतो. आपल्या घरातला 'काम' हा शब्द रुंद आहे. दोन्ही खरे आहेत. फक्त एकाच्या जागी दुसरा ठेवून कुणाला हसायचे नाही.

घरी करून पाहा

1. सायकलमध्ये हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम का लागले?

2. रिकाम्या रिळातून रबर ओवून दोन्ही बाजूंना काडी लावा. एका बाजूची काडी फिरवून रीळ जमिनीवर सोडा. ते कोणाच्या ऊर्जेवर चालले?

3. आई विहिरीवरून किंवा नळावरून घरी हंडा आणते. हंड्याचे वजन, पावले आणि घराचा उंबरठा मोजा. दोन्ही रकाने भरा. हंडा पुढच्या वेळी तुम्ही आणा.

4. शाळेचा जिना चढताना तुम्ही किती ज्यूल कार्य करता? पायरीची उंची, पायऱ्यांची संख्या आणि तुमचे वजन एवढेच लागेल. जिना नसेल त्यांनी मारुतीच्या पाराच्या पायऱ्या मोजाव्यात.

सूचना : मोंढ्यातल्या गोण्या उचलून पाहू नका. हिशोबासाठी पाण्याची बाटली पुरते.

उत्तरे कागदावर लिहून फळ्याखालच्या डब्यात टाका. पुढच्या भित्तिपत्रकात सगळ्यांची छापू. पालकांनीही टाकली तरी चालतील. अण्णांनी चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधीच दिले आहे, ते बरोबर आहे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी